फॅक्स अर्ध्यावर तुटतो, कोरा येतो, लागतच नाही: मशीन बदलण्याआधी काय तपासायचं

आधी लक्षणं. तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते कागदावर लिहून ठेवा. कुठल्या तपासणीपासून सुरुवात करायची ते त्यावरूनच ठरतं.

• नंबर फिरवला की मशीन गप्प बसतं, किंवा स्क्रीनवर ‘नो डायल टोन’ येतं.
• समोरचं मशीन फोन उचलतं, दोन्हीकडच्या शिट्ट्या ऐकू येतात, पान सरकायला लागतं आणि मध्येच ‘कम्युनिकेशन एरर’. एक पान जातं, पाच पानं कधीच जात नाहीत.
• ठाण्यातून वाशी-बेलापूरला फॅक्स जातो, परदेशात जात नाही.
• पाठवता येतो, पण घेता येत नाही. घंटी वाजत राहते, किंवा फोन उचलला की नुसतं ‘पीं’ ऐकू येतं.
• पान कोरं येतं, काळपट येतं किंवा त्यावर उभी रेघ येते.
• उन्हाळाभर मशीन ठीक चालतं, जूनमध्ये पावसाने जोर धरला की बिघडतं आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप सुधारतं.
• तांब्याची जुनी लाइन जाऊन फायबर आलं, तेव्हापासून फॅक्स बंद.

शेवटची दोन लक्षणं ठाणे-नवी मुंबईत वारंवार समोर येतात. वागळे इस्टेटमधले गाळे, महापे-रबाळेचे कारखाने, न्हावा शेवा बंदराची कागदपत्रं हाताळणारे क्लिअरिंग एजंट, जपानी ग्राहकांना माल पुरवणारे उद्योजक अशा ठिकाणी फॅक्स अजून लागतो. तो बंद पडला की पहिला विचार मशीन बदलण्याचा येतो. पण नवं मशीन त्याच खराब लाइनवर, त्याच सेटिंगने लावलं तर तेही तसंच वागेल. म्हणून लाइन आधी, मशीन शेवटी.

हात लावण्याआधी

फॅक्स मशीनमध्ये वीज दोन वाटांनी येते. भिंतीतल्या प्लगमधून २३० व्होल्ट येतात हे सगळ्यांना माहीत असतं, टेलिफोनच्या तारेकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. फोन खाली ठेवलेला असताना तांब्याच्या लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो. ओल्या हातात उघडी तार असताना नेमका कॉल आला तर सणसणीत झटका बसतो.

त्यामुळे क्रम पाळा. मशीन लावताना आधी विजेचा प्लग, मग टेलिफोनची वायर. काढताना उलट: आधी टेलिफोनची वायर, मग प्लग. मशीनला अर्थिंग प्लगच्या तिसऱ्या पिनमधून मिळतं. टेलिफोन लाइनवरून नको तो दाब आला तर त्याला जमिनीत जायला वाट हवी, म्हणून लाइन जोडलेली आहे तोवर प्लग जोडलेलाच असू द्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालून मशीन चालवू नका. जुन्या इमारतीत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे अर्थिंगची तार नसते. शंका असेल तर वायरमनकडून तपासून घ्या.

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे इकडचे विजांचे दिवस. आकाश गडगडायला लागायच्या आतच दोन्ही वायरी काढून ठेवा. गडगडाट चालू असताना त्यांना हात लावायचा नाही. टेलिफोनची वायर आत-बाहेर जोडता येते असा सर्ज प्रोटेक्टर जरूर घ्या, पण तो जास्तीचा दाब अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंगच नसेल तर तो नुसता डबा आहे.

सेकंडहँड मशीन घेतलं असेल तर मागची पाटी वाचा. ११० किंवा १२० व्होल्टचं अमेरिकी मशीन आपल्या २३० व्होल्टवर लावलं की पॉवर सप्लाय जळतो.

पाच मिनिटांच्या दोन फुकट चाचण्या

पहिली चाचणी कॉपीची. एक छापील कागद मशीनमध्ये घाला आणि ‘कॉपी’ दाबा. मशीन स्वतःच वाचतं, स्वतःच छापतं, मध्ये टेलिफोनचा संबंध येत नाही. कॉपी स्वच्छ आली तर वाचणारा आणि छापणारा दोन्ही भाग ठीक आहेत, दोष बहुधा लाइनमध्ये, सेटिंगमध्ये किंवा समोरच्याकडे आहे. ही एक चाचणी केली तरी मशीन खोलण्याचा अर्धा मोह टळतो.

दुसरी चाचणी साध्या फोनची. भिंतीवरच्या डबीत फॅक्सऐवजी साधा, वायरचा फोन लावा. कॉर्डलेस नको, त्याची स्वतःची खरखर असते. डायल टोन आला की कुठलाही एकच आकडा दाबा. टोन थांबेल. पुढचे दहा सेकंद कान देऊन ऐका. लाइन शांत असायला हवी. खरखर, हमिंग, कडकड किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर फॅक्सची कुठलीही सेटिंग बदलण्यात वेळ घालवू नका, थेट खाली ‘पावसाळी खरखर’ वाचा. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा एखादं अक्षर गाळलं गेलं तरी कान ते भरून काढतो. फॅक्सला ही सोय नाही. त्याच्यासाठी प्रत्येक कडकड म्हणजे कागदावरची हरवलेली ओळ.

याच वेळी ट्रान्समिशन रिपोर्ट किंवा जर्नल, म्हणजे गेल्या-आलेल्या फॅक्सची नोंद, छापून घ्या. ‘बिझी’, ‘नो रिस्पॉन्स’ आणि ‘कम्युनिकेशन एरर’ हे तीन वेगळे आजार आहेत. पहिल्या दोन्हींत फॅक्सची बोलणी सुरूच झालेली नसतात, तेव्हा नंबर आणि समोरचं मशीन बघा. तिसऱ्यात बोलणी सुरू होऊन तुटलेली असतात, तेव्हा लाइन आणि वेग बघा. एकाच नंबरला त्रास होत असेल आणि बाकी सगळीकडे जात असेल, तर दोष बहुधा तुमच्याकडे नाही.

वायर आणि डबी

मशीनच्या मागे सारखी दिसणारी दोन भोकं असतात. एकावर ‘लाइन’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘टेल’ किंवा ‘एक्स्ट’. भिंतीतून आलेली वायर ‘लाइन’मध्येच जायला हवी. दुसरं भोक जोडीच्या फोनसाठी आहे. साफसफाईत वायरी निघतात आणि परत लावताना अदलाबदल होते. जोडीच्या फोनवर बोलणं तरीही चालू राहतं, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि दोष मशीनवर जातो.

मग वायर बदलून पाहा. दोन मीटरची आरजे-११ (टेलिफोनच्या पिनची) वायर स्वस्त मिळते, एक जास्तीची टेबलाच्या खणात असू द्या. जुन्या वायरीच्या टोकाशी आतल्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडलेल्या असतील किंवा क्लिप तुटून पिन हलत असेल तर दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या. आपल्याकडे लाइन मधल्या दोन तारांवर येते. काही परदेशी मशीनसोबत आलेल्या वायरीत बाहेरच्या दोन तारा वापरलेल्या असतात, तेव्हा डायल टोनच येत नाही. इकडची वायर लावली की प्रश्न मिटतो. मशीनच्या मेनूत देश निवडायची सोय असेल तर तिथे भारत आहे ना, तेही पाहून घ्या. घंटी आणि टोन ओळखणं त्यावर अवलंबून असतं.

खाडीलगतच्या ऐरोली, वाशी, कोपरी भागात हवा दमट आणि खारट असते. डबीतल्या स्क्रूवर हिरवा कळंक चढतो. कळंक चढला की जोड कधी धरतो, कधी सोडतो. टोपण काढलं तरी आत लाइन चालूच असते, हे लक्षात ठेवून कोरड्या हाताने टोपण काढून फक्त पाहा. स्क्रू हिरवे दिसले तर डबी बदलून घ्या. काम छोटं आहे, पण सवय नसेल तर ते लाइनमनला करू द्या.

एकाच लाइनवर किती जण?

फॅक्स चालू असताना आतल्या खोलीत कोणी समांतर फोन उचलला तर पान गेलंच. घरी हे फार होतं. मशीनला शक्यतो डबीतून पहिली जागा द्या आणि बाकीचे फोन त्याच्या ‘टेल’ भोकातून पुढे काढा. बहुतेक मशीन फॅक्स चालू असताना ते भोक बंद ठेवतात.

कॉल वेटिंग बंद करून घ्या. दुसरा कॉल आला की लाइनवर येणारा ‘टुक’ आवाज बोलताना सहज खपतो, फॅक्सचं पान मात्र त्याने तुटतं. दिवसातून एखाद-दोनदाच फॅक्स तुटतो आणि कारण सापडत नाही, अशा वेळी हाच गुन्हेगार निघण्याची शक्यता मोठी. जुन्या तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँडही असेल तर फॅक्सच्या वाटेत फिल्टर हवा. त्याच्याशिवाय ब्रॉडबँडचा कर्कश आवाज थेट मशीनच्या कानात जातो.

घेता येत नाही तेव्हा

मोड पाहा. फॅक्ससाठी वेगळी लाइन असेल तर ‘फॅक्स ओन्ली’ ठेवा आणि घंट्या दोनवर ठेवा. बोलणं आणि फॅक्स एकाच लाइनवर असेल तर ‘फॅक्स/टेल’. घंट्यांचा आकडा उगीच वाढवू नका. आपल्याकडची दुहेरी घंटी साधारण तीन सेकंदांना एकदा वाजते. दहा घंट्या म्हणजे तीस सेकंद. पाठवणारं मशीन अनेकदा पस्तीस सेकंद ते मिनिटभरच वाट बघतं, आणि त्यातला काही वेळ कॉल जोडण्यातच गेलेला असतो. तुमचं मशीन उचलायच्या आत ते फोन ठेवून देतं.

फोन उचलल्यावर दर साडेतीन सेकंदांनी अर्ध्या सेकंदाची शिट्टी ऐकू आली तर समोर फॅक्स आहे. ‘स्टार्ट’ दाबा, आणि मशीनने लाइन घेतली की मगच फोन ठेवा. टेलिफोन कंपनीची व्हॉइसमेल सेवा चालू असेल तर ती मशीनच्या आधी फोन उचलते. ती बंद करायला सांगा.

नंबर आणि ईपीएबीएक्स

ठाणे आणि नवी मुंबई दोन्हींचा कोड ०२२. त्यामुळे ठाण्यातून बेलापूरला फक्त आठ आकडे लावायचे. डोंबिवली-कल्याणला ०२५१ लागतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. तो नियम मोबाइलपुरता आहे, पण तेव्हापासून काहींनी स्थानिक लँडलाइनच्या नंबरांनाही शून्य जोडून ठेवलं. मशीनच्या स्पीड डायलमध्ये साठवलेले नंबर एकदा उघडून बघा. अधिकचं चिन्ह मशीनला कळत नाही, परदेशासाठी ०० आणि देशाचा कोड लावा.

ऑफिसात ईपीएबीएक्समधून, म्हणजे आतल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजमधून, लाइन घेतली असेल तर बाहेरची लाइन मिळायला ० किंवा ९ लावावा लागतो, आणि त्याच्या पुढे पॉज, म्हणजे मशीनला क्षणभर थांबवणारी खूण. पॉजचं बटण बहुतेकदा रीडायलचंच असतं. पॉज नसेल तर बाहेरचा टोन यायच्या आत मशीन आकडे ओतून मोकळं होतं आणि पहिले एक-दोन आकडे हवेत जातात. नंबर बरोबर असूनही कॉल भलत्याच ठिकाणी लागतो तो असा. त्यातून दुसऱ्याच्या मशीनवर तुमच्या ग्राहकाचे कागद छापले जाऊ शकतात, म्हणून हे आधी सुधारा.

ईपीएबीएक्सच्या डिजिटल एक्स्टेंशनला फॅक्स चुकूनही लावू नका. पिन तीच बसते, पण आतला दाब आणि सिग्नल वेगळा असतो, मशीनचं लाइन कार्ड (टेलिफोन लाइन सांभाळणारं आतलं सर्किट) जाऊ शकतं. अ‍ॅनालॉग एक्स्टेंशन मागून घ्या. शक्य असेल तर फॅक्सला थेट लाइन द्या, ईपीएबीएक्स मध्ये नकोच.

कोरं पान, काळी रेघ

थर्मल कागदाला एकाच बाजूने रसायन लावलेलं असतं. नखाने ओरखडा काढा: काळा उमटला तर तीच छापण्याची बाजू. रोल उलटा बसला की पान कोरं येतं.

पानभर सरळ उभी काळी रेघ येते कारण कागद सरकतो आणि वाचणारी काचेची पट्टी जागेवरच असते. त्या पट्टीवर व्हाइटनरचा एक ठिपका असला की त्याची पानभर रेघ होते. मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसा. द्रव थेट काचेवर ओतू नका. तुमची कॉपी स्वच्छ आहे आणि आलेल्या फॅक्सवरच रेघ आहे, तर पाठवणाऱ्याच्या मशीनची काच घाण आहे. त्याला कळवा. उभी पांढरी रेघ कॉपीतही येत असेल तर छापणारं थर्मल हेड मळलेलं आहे. प्लग काढून, थंड झाल्यावर त्याच फडक्याने पुसा. तरीही गेली नाही तर हेडमधला एखादा बिंदू जळलेला आहे, आणि ते काम मेकॅनिकचं.

पावसाळ्यात कागद ओल धरतो. दोन-तीन पानं एकदम ओढली जातात, लेझरवर छपाई फिकट येते. ७० ते ८० जीएसएमचं रीम वेष्टनात बंद ठेवा आणि ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढेच कागद घाला.

वेग आणि ईसीएम

पान मध्येच तुटण्याच्या तक्रारीवर सर्वांत गुणकारी बदल इथे आहे, म्हणून आत काय चालतं ते नीट समजून घ्या. बोलावणारं मशीन ११०० हर्ट्झची शिट्टी देतं, उचलणारं २१०० हर्ट्झने उत्तर देतं. मग दोघं सेकंदाला फक्त ३०० बिट अशा संथ गतीने एकमेकांची ओळख करून घेतात आणि वेग ठरवतात. साध्या मशीनचा वरचा वेग सेकंदाला १४४०० बिट, ‘सुपर जी३’ मशीनचा ३३६००. पान सुटण्याआधी छोटी चाचणी होते. ती फसली तर वेग पायरी-पायरीने उतरतो: १४४००, १२०००, ९६००, ७२००, ४८००, २४००. मात्र चाचणी होते ती दीड सेकंदाची. त्या दीड सेकंदात लाइन शांत होती आणि विसाव्या सेकंदाला खरखरली, तर मशीन भलत्या वेगात अडकलेलं असतं.

म्हणून वेग आपणच ९६०० वर बांधून टाका. एचपीत फॅक्स स्पीडला ‘स्लो’, कॅननमध्ये स्टार्ट स्पीड पाठवायचा आणि घ्यायचा वेगवेगळा, ब्रदरमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ या नावाखाली ‘बेसिक’. पॅनासोनिकच्या बऱ्याच मॉडेलांत ‘ओव्हरसीज मोड’ चालू केला की परदेशी कॉलला वेग आपोआप कमी ठेवला जातो. पान थोडं सावकाश जातं, पण पोहोचतं.

ईसीएम म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय. पानाचे छोटे तुकडे करून पाठवले जातात आणि खराब पोहोचलेले तुकडे पुन्हा मागवले जातात. तांब्याच्या लाइनवर ती चालूच ठेवा. फायबरवरच्या फोन लाइनवर मात्र ती अनेकदा उलटी पडते, कारण तिथे तुकडे सतत हरवतात, पुन्हा पुन्हा मागवले जातात, कॉल लांबतो आणि शेवटी तुटतो. बंद केली तर एखाद-दुसरी ओळ बिघडून पान पोहोचतं. पण हे लक्षात घ्या: बिघडलेल्या ओळीत ३ चा ८ दिसू शकतो. ईसीएम बंद असताना रक्कम, कंटेनर नंबर किंवा औषधाची मात्रा फॅक्सने पाठवली तर फोन करून आकडे वाचून घेतल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

वेळ वाचवण्याची आणखी एक वाट मूळ कागदात आहे. ‘फाइन’मध्ये आडव्या ओळी दुप्पट होतात, इंचाला ९८ च्या जागी १९६. म्हणजे कॉलही जवळपास दुप्पट. ‘फोटो’ मोड त्याहून लांब. फॅक्स पान लहान करतो ते सलग पांढऱ्या पट्ट्यांच्या जोरावर. बिल ऑफ लेडिंगसारख्या (जहाजी मालाच्या पावतीसारख्या) कागदाला राखाडी पार्श्वभूमी असेल तर मशीनला ती लाखो ठिपक्यांसारखी दिसते आणि एकच पान कितीतरी मिनिटं घेतं. आधी झेरॉक्स काढून पार्श्वभूमी पांढरी करून घ्या, मग पाठवा. वीस पानं असतील तर पाच-पाचचे गठ्ठे करा.

फायबर आल्यापासून बंद

फायबरवर तुमचा आवाज आता तारेतून जात नाही. फायबर जिथे येऊन संपतं त्या भिंतीवरच्या ओएनटी डब्यात त्याचे आकड्यांत तुकडे होतात आणि ते पाकिटांसारखे जातात. आवाजाचे तुकडे करायच्या दोन पद्धती नेहमी दिसतात. जी.७११ मध्ये आवाज जवळपास जसाच्या तसा, सेकंदाला ६४ किलोबिटने जातो. जी.७२९ मध्ये तो ८ किलोबिटमध्ये दाबला जातो. माणसाचा आवाज त्यातून ओळखू येतो, कारण ती पद्धत माणसाच्या बोलण्यासाठीच बनवलेली आहे. फॅक्सच्या शिट्टीचं मात्र त्यात भजं होतं. फोनवर आवाज स्वच्छ आणि फॅक्स मात्र मुळीच जात नाही, असं असेल तर हे कारण आधी तपासा.

कंपनीच्या तांत्रिक विभागाला एवढंच विचारा: माझ्या लाइनवर टी.३८ चालू आहे का? नसेल तर जी.७११ ठेवून सायलेन्स सप्रेशन (शांतता असताना काहीच न पाठवण्याची सोय) बंद करता येईल का? टी.३८ मध्ये ओएनटी फॅक्स ओळखून त्याचा मजकूर आकड्यांतच पुढे पाठवतो, शिट्टी पाठवत बसत नाही. ते मिळालं तर ईसीएम पुन्हा चालू करून पाहा. ही तक्रार ‘फोन बंद आहे’ अशी नोंदवू नका. माणूस येईल, फोन लावून बघेल, ‘चालू आहे’ म्हणून निघून जाईल. ‘फॅक्स चालत नाही, आवाज ठीक आहे’ असंच लिहून घ्यायला सांगा.

फॅक्स थेट ओएनटीच्या ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ लिहिलेल्या भोकात लावा. ऑफिसातली जुनी तांब्याची वायरिंग ओएनटीमधून फिरवायची असेल तर बाहेरून आलेली जुनी लाइन आधी पूर्ण सुटी करून घ्यायला हवी. ती कुठे जोडलेली राहिली तर दोन बाजूंचे दाब एकमेकांवर येतात आणि ओएनटीचं भोक जळतं. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

वीज गेली की ओएनटीही मरतो. रात्री येणारे फॅक्स हवे असतील तर ओएनटी आणि फॅक्स दोन्हींना बॅकअप हवा. थर्मल किंवा शाईच्या फिल्मचं मशीन ६०० व्हीएच्या यूपीएसवर चालून जातं. लेझर लावू नका. त्याचा कागद तापवणारा भाग एकदम कित्येकशे वॅट ओढतो आणि यूपीएस बसतो.

पावसाळी खरखर

साध्या फोनवरही खरखर आहे आणि ती पावसासोबत येते-जाते, म्हणजे इमारतीबाहेरच्या किंवा जिन्याखालच्या एखाद्या जोडात पाणी शिरतंय. ओल्या जोडातून दोन तारांमध्ये गळती होते. ऊन पडलं की जोड सुकतो आणि लाइन ‘आपोआप’ बरी होते. त्यामुळे तक्रार खरखर चालू असतानाच नोंदवा, सुकल्यावर तपासणीत काही दिसत नाही. जोड नव्याने करून मागा किंवा केबलमधली दुसरी जोडी मागा.

इथे तुम्ही थांबायचं. जिन्याखालचा डीपी बॉक्स, म्हणजे इमारतीतल्या लाइन वाटणारा डबा, उघडू नका. तो कंपनीचा आहे, त्यात शेजाऱ्यांच्याही लाइन आहेत, आणि पावसाळ्यात तिथे पायाखाली पाणी असतं.

आणखी केव्हा थांबायचं

मशीनच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला, आत पाणी गेलं, किंवा लावताच एमसीबी वा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल, तर पुन्हा लावून बघू नका. झिणझिण्या आणि एमसीबी यासाठी आधी परवानाधारक वायरमन, कारण दोष बोर्डात असू शकतो. बाकीसाठी मशीनचा मेकॅनिक. विजांच्या रात्रीनंतर कॉपी निघते पण डायल टोन नाही, आणि साधा फोन त्याच डबीवर चालतो, तर मशीनचं लाइन कार्ड गेलेलं आहे. ते घरी दुरुस्त होत नाही. लेझरचा तापणारा भाग दोनशे अंशांच्या आसपास जातो, अडकलेला कागद काढायची घाई तिथे करू नका. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, ओल्या गार फडक्याने टिपा.

मशीन दुरुस्तीला देताना मेमरीतले न छापलेले फॅक्स छापून, मग मेमरी पुसून द्या. स्पीड डायलची यादी उतरवून घ्या. फिल्मचं मशीन असेल तर शाईची फिल्म काढून घ्याच. प्रत्येक आलेल्या पानाची अक्षरं तिच्यावर पारदर्शक होऊन राहतात: पॅन, आधार, रुग्णाचा रिपोर्ट, सगळं उजेडात धरून वाचता येतं. वापरलेली फिल्म कचऱ्यात अखंड टाकू नका, कात्रीने बारीक तुकडे करा. ऑल-इन-वन मशीन ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेलं असेल तर फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी डेफ कॉन या हॅकर्सच्या परिषदेत नुसत्या फॅक्स नंबरवरून एचपीच्या अशा मशीनचा ताबा घेऊन दाखवला होता आणि एचपीने त्यावर दुरुस्ती दिली होती. नेटवर्कची गरज नसेल तर ती वायर काढूनच ठेवा. आणि मशीन रिसेप्शनच्या टेबलावर नको, आत ठेवा. रात्री आलेला कागद सकाळी सर्वांत आधी येणाऱ्याच्या हाती पडतो.